बरोबर पुरुष कोण आहे?

गिरगावातल्या एका यात्रा कंपनीत मी तेव्हा सात वर्षांपासून कारकून होते. कंपनी म्हणजे रस्त्याकडेची दीड खोली, दोन टेबलं, भिंतीवर रेल्वेचा मोठा नकाशा आणि मालकांच्या खुर्चीमागे गणपतीची तसबीर. मालक वर्षातून आठ-नऊ यात्रा काढायचे. रेल्वेचा अख्खा डबा घ्यायचा, त्यात आपली माणसं, आपला आचारी आणि आपली पातेली चढवायची, आणि काशी, रामेश्वर, द्वारका, जिकडे जायचं तिकडे तो डबा एका गाडीपासून तोडून दुसरीला जोडत न्यायचा. माणसं डब्यातच झोपायची. स्टेशनाच्या कडेला चुली पेटायच्या आणि घरच्यासारखा वरणभात मिळायचा. आमच्या लोकांना देव परमुलखातला चालतो, भात मात्र आपलाच लागतो.

डबा कुठे तोडायचा, कुठल्या गाडीला जोडायचा, मध्ये किती तास मिळतात, त्यात आंघोळी आणि जेवणं उरकतात का, हे सगळं मी बसवत होते. रेल्वेची जाडजूड टाइमटेबलं मला तोंडपाठ होती. काशीच्या पंड्यांना पत्रं माझी, धर्मशाळांना पत्रं माझी, कोणाला खालचा बाक आणि कोणाला वरचा हा तक्ताही माझा. आणि रेल्वेने मी स्वतः कल्याणच्या पुढे गेलेली नव्हते. आमचं गाव कोकणात, तिथे बोटीने जायचं.

डब्याबरोबर जायचा तो व्यवस्थापक. सात वर्षांत असे तीन व्यवस्थापक माझ्या डोक्यावरून गेले. तिघांनाही शिकवलं मी. त्यातला एक मालकांचा भाचा, त्याला गाडी लागायची. इगतपुरी येईपर्यंत तो खिडकीतून तोंड बाहेर काढून बसलेला असायचा आणि यात्रेकरूच त्याला लिंबू द्यायचे. तरी व्यवस्थापक तो. डब्याबरोबर मी जाऊ का, असं मी मालकांना दर वर्षी विचारायची आणि मालक दर वर्षी तेच सांगायचे, "बाई, तुम्ही हुशार आहात हो. पण परक्या पुरुषांबरोबर पंधरा-पंधरा दिवस? उद्या कोणी काही बोललं तर कंपनीचं नाव जाईल." माझं नाव जाईल असं नव्हे, कंपनीचं.

राहायला आम्ही लालबागेत. वडील गेलेले, भाऊ गिरणीत. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. आमच्या चाळीत चुलीपेक्षा घोषणा जास्त पेटायच्या. भाऊ पाळी संपली की सभेला, सभा संपली की नाक्यावर. बायकाही मागे नव्हत्या. आमच्या मजल्यावरच्या बायका पदर खोचून मोर्चाला गेल्या होत्या, पोलिसांच्या गाडीपुढे रस्त्यात बसकण मारली होती आणि दोघी-तिघी तुरुंगातही राहून आल्या होत्या. मीही त्यांच्याबरोबर चालले होते. परत आल्यावर चाळीने आम्हाला ओवाळलं. त्या दिवशी मला खरंच वाटलं, की आता काही कठीण नाही. मी घरात यात्रेबरोबर जायचा विषय काढला, तर भाऊ म्हणाला, "ए, मोर्चा वेगळा आणि हे वेगळं. तुरुंगात जाऊन आलेल्या पोरीचं लग्न होतं. परक्या माणसांना घेऊन गावोगाव फिरणाऱ्या पोरीला कोण करणार?"

मी चिडले, रडले, दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मग डोक्यात आलं, परक्या पुरुषांचीच अडचण आहे ना, मग पुरुष नकोतच. फक्त बायकांची यात्रा काढावी.

मालकांना हसू आलं. पण धंदा मंद होता. कधी हरताळ, कधी संचारबंदी, माणसं घर सोडायला धजत नव्हती. ते म्हणाले, "तीस बायका आणा. माघी पौर्णिमेचं प्रयागचं स्नान, मग काशी. सुखरूप नेऊन आणलंत, तर पुढच्या सगळ्या बायकांच्या यात्रा तुमच्या. कायमच्या व्यवस्थापक तुम्ही. नाही जमलं, तर हा विषय पुन्हा माझ्यासमोर काढायचा नाही."

मी चाळीचाळीतून फिरले. लालबाग, परळ, भोईवाडा. ऑफिस सुटलं की ट्रामने यायचं आणि जिने चढायचे. बायकांना काशीचं नाव काढलं की डोळे भरून यायचे. कोणाला नवऱ्याच्या अस्थींच्या वेळी जाता आलं नव्हतं, कोणी पाच पोरं वाढवता वाढवता म्हातारी झाली होती. सगळ्यांना यायचं होतं. आणि सगळ्यांचा, अगदी शेवटच्या जिन्यावरच्या म्हातारीचासुद्धा, एकच प्रश्न असायचा, "आणि सोबतीक बापयमाणूस कोण आसा?"

पहिल्या आठवड्यात मी छाती काढून सांगितलं, "पुरुष कोणी नाही. मी आहे." आठवड्यात दोन नावं झाली. दुसऱ्या आठवड्यात मी सांगायला लागले, "आचारी आहे ना बरोबर. आपल्याच मालवणकडचा. वीस वर्षं यात्रेला जातोय." नावं भराभरा आली. मला कळत नव्हतं असं नाही. पण तीसचा आकडा गाठायचा होता आणि मी स्वतःलाच समजावलं, की एकदा गाडी हलली की कोण कोण आहे ते त्यांना दिसेलच.

आईला विचारलं, तर ती म्हणाली, "माका नको गो. तू जाऊन ये." मी आग्रह केला नाही. तिचे गुडघे दुखायचे.

निघायच्या दिवशी बोरीबंदरला आमचा डबा मेलच्या शेपटीला लागला होता. तीस बायका, तीस वळकट्या आणि पोचवायला आलेली शंभर माणसं. माझ्या हातात पुठ्ठ्यावर लावलेली यादी आणि रेल्वेची पत्रं. नवं पातळ नेसले होते. आयुष्यात एवढी ताठ मी पुन्हा कधी उभी राहिले नाही.

यात्रा निघताना डब्यापुढे नारळ फोडायचा आणि आमच्याकडचे लोक असले तर गाऱ्हाणं घालायचं, ही रीत. गाऱ्हाणं म्हणजे जमलेल्यांच्या वतीने एकाने देवाला मोठ्याने घातलेलं साकडं. तो बोलतो आणि बाकीचे हुंकार भरतात. ते घालतो घरातला कर्ता, गावातला मानकरी, जो सगळ्यांचा वडील असेल तो. आणि नारळ बाई फोडत नाही. का फोडत नाही, हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं. तेव्हाही मनात आलं नाही. व्यवस्थापकाने करायचं काम ते, पिशवीतून नारळ काढला मीच, आणि काढल्या काढल्या शेजारी उभ्या आचाऱ्याच्या हातात दिला. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं. कोणी टोकलंही नव्हतं. हात आपसूक गेला.

आचाऱ्याने चप्पल काढली, टोपी सारखी केली आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां काशीच्या वाटेक लागतत. मी तेंका घेऊन जातंय. वाटेत काय इडापीडा आसात, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तीस बायका एका आवाजात म्हणाल्या. मीसुद्धा म्हटलं.

कल्याण यायच्या आत मला कळलं, काय झालंय ते. बाक बदलून हवा होता, तो त्याला विचारला. पाणी कुठे मिळेल, ते त्याला. मी तक्ता घेऊन डब्यातून फिरत होते आणि बायका मला म्हणत होत्या, "बस गो बाय, दमलंस. ते बघतत." माणूस वाईट नव्हता. तो प्रत्येकीला म्हणायचा, "ताईंना विचारा." पण ते तो हसून म्हणायचा, लहान मुलीचं कौतुक करावं तसं. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी ते दाखवलं होतं बोरीबंदरला, शंभर माणसांसमोर.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका मोठ्या जंक्शनवर आमचा डबा मेलपासून तोडला. तिथून संध्याकाळच्या पॅसेंजरला तो जोडायचा, की पहाटे प्रयाग. पहाटे पौर्णिमा. मी हे गणित महिनाभर घासलं होतं. ती एकच गाडी होती. ती चुकली, तर पुढची चोवीस तासांनी.

पत्र घेऊन मी स्टेशनच्या कचेरीत गेले. तिथल्या बाबूने पत्र पाहिलं, मला पाहिलं आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"साथ में कौन है?"

"मैं ही हूँ. व्यवस्थापक."

"किसी आदमी को भेजिए."

माझं हिंदी तोडकंमोडकं होतं. मी पत्रावरचं माझं नाव दाखवलं, सही दाखवली, तिथेच त्याच्यासमोर पुन्हा सही करून दाखवली. त्याने चहा मागवला, प्याला. दुसऱ्या दोघांची कामं केली. मी जागची हलले नाही. मला वाटलं, हा हरेल, मी नाही. तासाभराने कंटाळून त्याने शिक्का मारला. मी तो कागद घेऊन रुळांतून अक्षरशः पळत आले. आनंदाने पळत आले.

डबा बाजूच्या रुळावर उभा होता. खाली चुली पेटलेल्या, भाताचं मोठं पातेलं चढलेलं. बायकांनी नळावर आंघोळी करून लुगडी सिग्नलच्या तारांखालच्या कुंपणावर वाळत घातलेली. डबे जोडणाऱ्या टोळीचा मुकादम तिथून परत निघाला होता. मी त्याला कागद दाखवला. तो म्हणाला, "आपके मैनेजर ने बोल दिया, कल जोड़ना."

मी नसताना तो विचारायला आला होता, डबा आज जोडायचा की उद्या. बायकांनी बोट दाखवलं आचाऱ्याकडे. आचाऱ्याने पातेल्याकडे पाहिलं. भात अर्धा कच्चा, लुगडी ओली, म्हाताऱ्या प्रवासाने शिणलेल्या. तो म्हणाला, "कल चलेगा." त्याच्या हिशोबाने त्याने सगळ्यांचं भलंच केलं. इंजिन दुसऱ्या डब्यांना लागलं होतं. आता आमचा डबा हलणं शक्य नव्हतं.

पॅसेंजरला अजून थोडा वेळ होता. मी बायकांच्या मधोमध उभी राहिले आणि ओरडून सांगितलं, "उठा. सामान इथेच राहू दे, आचारी बघेल. अंगावरच्या कपड्यांनिशी चला. साध्या डब्यात बसू, उभ्याने जाऊ. उद्या पहाटे पौर्णिमा आहे, ही गाडी गेली तर स्नान गेलं."

तीस जणी माझ्याकडे बघत होत्या. मग तीस जणींनी आचाऱ्याकडे पाहिलं.

तो म्हणाला, "अगो, एवढी घाई कित्याक? भात तरी उतरूंदे."

मी त्याच्यावर ओरडले. बायकांसमोर हात जोडले. आमच्या मजल्यावरच्या शेजारणीचा, पोलिसांच्या गाडीपुढे बसलेल्या त्या बाईचा, दंड धरून तिला ओढलं. म्हटलं, "मावशी, तुम्ही तरी उठा. तुम्ही बंदुकीला नाही भ्यायलात." ती अर्धी उठली. तिने इकडेतिकडे पाहिलं, कोणी उठत नाही असं दिसल्यावर पदर सावरला आणि पुन्हा खाली बसली. म्हणाली, "ते सांगतत तर काय तरी इचार करूनच सांगतत मा."

पॅसेंजर आमच्या डोळ्यांसमोरून गेली. कोणाला काही वाटलं नाही. भात उतरला, पानं मांडली. मी डब्याच्या पायरीवर बसून रडले आणि एक जण मला पान वाढून घेऊन आली.

प्रयागला आम्ही प्रतिपदेला पोचलो. संगमावर निर्माल्य तरंगत होतं, माणसं परत निघाली होती. पंड्याने पहिलाच शब्द काढला, "एक दिन पहले आते, माताजी." तेव्हा कुठे बायकांना कळलं, काय गेलं ते. शेजारणीने वर्षभर एक वेळ जेवून ह्या पौर्णिमेचा नेम धरला होता. ती वाळूत बसली आणि तिने छाती बडवून घेतली. मग वळून मला म्हणाली, "इतक्या शिकलंस गो, आणि एक दीस धरूक येना तुका?"

आचाऱ्याला कोणी एक शब्द बोललं नाही. त्याने चहा केला, म्हाताऱ्यांचे हात धरून त्यांना पाण्यात उतरवलं. सगळ्या त्याला दुवा देत होत्या. रस्ता विचारायचा तेव्हा व्यवस्थापक तो होता. चूक कोणाची, हे ठरवायची वेळ आली, तेव्हा व्यवस्थापक मी झाले.

काशीला तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "पोरी, माझां चुकला." मी म्हटलं, "हे मालकांसमोर सांगाल?" त्याने मान हलवली. मी ते हो समजले.

मुंबईत आल्यावर आठवड्याने मालकांच्या टेबलावर पत्र आलं. कोणाच्या तरी शिकलेल्या मुलाने लिहिलेलं, खाली सह्या आणि अंगठे. व्यवस्थापिकाबाई अननुभवी असल्याने पर्वणी चुकली, आचारीबुवांनी सांभाळून घेतलं म्हणून आम्ही सुखरूप परतलो, पुढे त्यांच्यासारखा जाणता पुरुष असल्यास पुन्हा येऊ. शेजारणीचा अंगठा तिसरा होता.

मी मालकांना सगळं सांगितलं. रेल्वेचा शिक्का असलेला कागद दाखवला, त्याच्यावरची वेळ दाखवली. ते शांतपणे ऐकत होते.

"डबा कधी जोडायचा, हे कोणी ठरवायचं असतं, बाई?"

"व्यवस्थापकाने."

"व्यवस्थापक कोण होतं?"

"मी. पण विचारलं त्यांना."

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. "तुम्हाला कोणी विचारलंच नाही."

आचारी दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत राहिला. इतकी वर्षं झाली, लोक म्हणतात आता सोडून दे. मी नाही सोडलेलं. त्याने तेव्हा चार शब्द बोलायला हवे होते.

नोकरी मात्र गेली नाही. कशी जाईल? टाइमटेबल कोण लावणार? त्या उन्हाळ्यात मुंबईसह महाराष्ट्र झाला. लालबागेत आकाशकंदील लागले, पेढे वाटले, रस्त्यात लेझीम. भाऊ गुलालाने माखून घरात आला आणि त्याने मला उचलून गरागरा फिरवलं, "जिंकलो गो आपण!" मी म्हटलं, "हो, जिंकलो." त्याच्या आनंदात मला भाग घ्यायचा होता. मी खूप प्रयत्न केला. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि बराच वेळ बाहेर आलेच नाही. वाटत होतं, मोर्च्यात चालले ती कोण होती, आणि आता ही जी चेहऱ्यावर पाणी मारतेय ती कोण. ह्यापुढे रोज सकाळी ट्रामने गिरगावात जायचं आणि दुसऱ्यांच्या प्रवासाचे तक्ते आखायचे, केस पांढरे होईपर्यंत. दुसरं काही होणार नव्हतं. तिशी यायची होती आणि मला मरून जावंसं वाटत होतं.

दिवाळीनंतर मालकांनी बायकांच्या यात्रेचं हस्तपत्रक काढलं. टाइप केलं मी. "फक्त स्त्रियांसाठी. सोबत अनुभवी पुरुष व्यवस्थापक." आचाऱ्याने आता कोट घातला होता आणि त्याच्या हाताखाली नवा आचारी होता. ह्या नव्या व्यवस्थापकाला इंग्रजी वाचता येत नसे, म्हणून गाड्यांच्या वेळा मी त्याला मोठ्या बाळबोध अक्षरात लिहून दिल्या. ह्या वेळी चिठ्ठीवर लाल शाईने लिहिलं, डबा त्याच दिवशी जोडणे. चाळीस नावं आली. मला एकही जिना चढावा लागला नाही.

यादी बंद व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी घरी बाकांचा तक्ता आखत बसले होते. आई तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "गो, यंदा माझांय नाव घाल त्यात."

मी वर पाहिलं. "आणि गुडघे?"

"दुखांदेत. काशी काय परत परत घडता?"

"मग गेल्या वर्षी का नाही आलीस? मी होते बरोबर."

आईने सुपातला खडा काढून बाजूला टाकला. तिच्या बोलण्यात जरासुद्धा कडवटपणा नव्हता. ती मला खूप जपायची. म्हणाली, "तेव्हा तूच एकटां होतंस मा. आता कसां, मोठां माणूस आसा सोबतीक."

आईला खालचा बाक दिला, खिडकीजवळचा, मोरीला जवळ पडेल असा. यादीत प्रत्येक एकट्या बाईच्या नावापुढे कंपनीचा एक रकाना असतो, प्रवासात जबाबदार इसम कोण. मी आईचं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे आचाऱ्याचं लिहिलं.